घरगुती प्रसाधने व परिरक्षकांची निवड

लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालू नये, हा दंडक आपल्या देशातील बहुतेक घरांत मुलांना अगदी लहानपणापासून शिकविला जातो. तो का पाळावयाचा हे सांगण्याची गरज कोणास वाटत नाही. कारण तो मोडल्याचे फळ काही दिवसांतच बरणीच्या तोंडाशी पांढऱ्या बुरशीच्या रूपाने दिसू लागते. परंतु त्याच घरात कोरफडीचा गर, गुलाबपाणी, बदामाचे तेल आणि मेण एकत्र घोटून तोंडाला लावावयाचे क्रीम तयार केले जाते, ते काचेच्या डबीत भरून न्हाणीघरातील फळीवर ठेवले जाते आणि महिना-दोन महिने ओल्या बोटाने काढून वापरले जाते, तेव्हा मात्र त्या दंडकाची कोणास आठवण होत नाही. उलट, आपल्या क्रीममध्ये कसलेही ‘रसायन’ नाही, याचेच समाधान मानले जाते. हे समाधान अस्थानी आहे आणि काही प्रसंगी ते धोक्याचेही आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

घरी प्रसाधने करण्यास आमचा विरोध नाही. आपण अंगाला काय लावतो हे जाणून घेण्याची इच्छा योग्यच आहे, आणि साधे क्रीम तयार करणे हे मुरंबा घालण्याहून फारसे अवघड नाही. आमचा आक्षेप निराळा आहे. अशी प्रसाधने करणारे बहुतेक लोक ‘परिरक्षक कोणते निवडावे’ असा प्रश्न न विचारता ‘परिरक्षक टाळावे कसे’ असा प्रश्न विचारतात. आणि त्याचे उत्तर शोधताना ज्या एका गोष्टीकडे प्रथम पाहावयास हवे, तिच्याकडेच दुर्लक्ष करतात. ती गोष्ट म्हणजे पाणी.

जंतू, यीस्ट आणि बुरशी यांना वाढण्यासाठी मोकळे पाणी लागते. मुरंब्यातील साखर आणि लोणच्यातील मीठ पाण्याला जणू बांधून ठेवतात, म्हणून ते पदार्थ टिकतात. चांगल्या कढविलेल्या तुपात आणि खोबरेल तेलात पाणी जवळजवळ नसतेच, म्हणून तेही टिकतात. यास्तव केवळ तेल, तूप व मेण यांपासून केलेल्या मलमास जंतूंविरुद्ध परिरक्षकाची आवश्यकता नाही. असे मलम कालांतराने खवट होते हे खरे. परंतु खवटपणा हे मुख्यतः हवेतील प्राणवायूचे काम आहे, जंतूंचे नव्हे. तो लांबविण्यासाठी तेलात थोडे ई जीवनसत्त्व घालतात. येथे एक गल्लत वारंवार होताना दिसते. ई जीवनसत्त्व तेलाला खवट होऊ देत नाही म्हणून तेच क्रीमचेही परिरक्षक, असे अनेक जण समजतात आणि पाण्याने भरलेल्या क्रीममध्ये एक-दोन कॅप्सूल फोडून निश्चिंत होतात. ई जीवनसत्त्व जंतूंना मारीत नाही व त्यांची वाढही थांबवीत नाही.

आपली जुनी प्रसाधने या कसोटीवर तपासून पाहिली असता मोठी बोधप्रद ठरतात. दिवाळीच्या अभ्यंगस्नानासाठी महाराष्ट्रात वापरले जाणारे उटणे ही कोरडी भुकटी असते. उत्तर भारतातील उबटनही बेसन, हळद इत्यादी कोरड्या जिनसांचेच असते. दूध, साय किंवा गुलाबपाणी त्यात आयत्या वेळी, वाटीत किंवा तळहातावर कालवले जाते आणि उरलेले टाकून दिले जाते. म्हणजे साठवण कोरड्या पदार्थाची आणि पाण्याशी संबंध घटका-दोन घटकांचा. अंगाला लावावयाची पारंपरिक सिद्ध तेलेही पाणी पूर्ण आटेपर्यंत उकळली जातात. कढईतील तडतड थांबली की तेल सिद्ध झाले, ही खूण जाणत्यांना ठाऊक असते. ‘आमच्या आजीने कधी परिरक्षक वापरले नाही’ असे जे नेहमी सांगण्यात येते ते यामुळे खरेच आहे; परंतु आजीने कालवलेले उटणे दोन महिने डबीतही ठेवले नव्हते. परंपरेतून जिनसा घ्यावयाच्या आणि त्यांना घातलेली वेळेची मर्यादा मात्र सोडून द्यावयाची, हे परंपरेचे पालन नव्हे.

या नियमाला एक अपवाद सांगितला पाहिजे, कारण अलीकडे तो पुन्हा लोकप्रिय होत आहे. शतधौत घृत, म्हणजे पाण्याने शंभर वेळा धुतलेले तूप, हे पांढरेशुभ्र व लोण्यासारखे मऊ दिसते. धुण्याच्या क्रियेत तुपामध्ये पाण्याचे सूक्ष्म कण अडकून राहतात. म्हणजे ते केवळ तूप न राहता पाणी आणि स्निग्ध द्रव्य यांचे पायस बनते. ते ताजे करून थोड्या दिवसांत संपविणे वेगळे आणि नळाच्या पाण्याने धुऊन महिनोन्‌महिने ठेवणे वेगळे. भाजलेल्या किंवा फुटलेल्या कातडीवर असे जुने घृत लावणे तर टाळावयासच हवे. दुसऱ्या शतकातील वैद्य गेलन याच्या नावावर सांगितले जाणारे मेण, ऑलिव्हचे तेल आणि गुलाबपाणी यांचे ‘कोल्ड क्रीम’ याच जातीचे. आजच्या बहुतेक घरगुती क्रीमच्या कृती त्याच वंशातील आहेत.

उलट बाजूने, कोरडेपणा म्हणजे शुद्धता असेही समजू नये. न्यूझीलंडमध्ये १९४६ साली नवजात अर्भकांना धनुर्वात झाल्याची जी प्रकरणे प्रसिद्ध झाली, त्यांचा माग टाल्कच्या भुकटीपर्यंत लागला होता. धनुर्वाताच्या जंतूंची बीजे मातीत असतात आणि कोरड्या अवस्थेत ती दीर्घकाळ तग धरून राहतात. मुलतानी माती ही मातीच आहे, हे विसरून चालणार नाही. ती फुटलेल्या कातडीवर किंवा अर्भकाच्या नाळेजवळ कधीही लावू नये.

आता पाणीदार क्रीममध्ये काय घडते ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी की बिघडलेले क्रीम डोळ्यांना दिसेल किंवा नाकाला कळेल. दुर्दैवाने तसे नाही. पारदर्शक द्रवात जंतूंची संख्या एका मिलिलिटरला सुमारे एक कोटीच्या घरात गेल्यावर तो गढूळ दिसू लागतो. क्रीम मुळातच पांढरे व अपारदर्शक असते; त्यात एवढेही दिसत नाही. बुरशीचा ठिपका किंवा आंबूस वास हा शेवटचा अंक असतो, पहिला नव्हे. काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणवर्गात शिकावयास आलेल्या भगिनींनी आपापली घरगुती क्रीमे आणली होती. त्यांतील प्रत्येकाचा कण आम्ही पोषक आगराच्या थाळीवर पसरून ठेवला. सर्वांना जे सर्वांत सुवासिक व तलम वाटले होते, त्याच क्रीमच्या थाळीवर दुसऱ्या दिवशी जंतूंच्या वसाहती मोजता येणार नाहीत इतक्या दाट उगवल्या. ते क्रीम करणारी बाई मोठी टापटिपीची होती, आणि तिने भांडी उकळूनही घेतली होती. दोष तिच्या टापटिपीचा नव्हता. कच्चा कोरफडीचा गर आणि रोज डबीत जाणारे बोट यांच्यापुढे उकळलेल्या भांड्याचे काही चालत नाही.

असे क्रीम लावल्याने निरोगी प्रौढ मनुष्याला बहुधा काही होणार नाही, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. अखंड कातडी हा उत्तम तट आहे. परंतु डोळा, मुरूम फोडल्याची जागा, दाढी करताना झालेली चीर, तान्ह्या मुलाची मांड्यांतली लालसर कातडी, मधुमेही रुग्णाचा भेगाळलेला पाय, या ठिकाणी तो तट खंडित किंवा दुबळा असतो. स्यूडोमोनास एरुजिनोसा नावाचा जंतू ओल्या जागी, अगदी जुजबी अन्नावर वाढतो आणि नेमक्या अशाच जागांवर घाला घालतो. स्वीडनमध्ये १९६० च्या दशकात डोळ्यांच्या दूषित मलमातून या जंतूचा संसर्ग झाल्याचे आढळले आणि त्यातून औषधांच्या जंतुशुद्धतेचा व्यापक तपास सुरू झाला. ब्रिटनमध्ये १९६६ साली याच जंतूने दूषित झालेले त्वचेचे क्रीम सापडले. अमेरिकेत १९७० च्या दशकात वापरून दूषित झालेल्या मस्काऱ्याच्या काडीने बुबुळावर ओरखडा उठून तेथे व्रण झाल्याची व दृष्टीला इजा पोहोचल्याची प्रकरणे नेत्रवैद्यांनी नोंदविली. ही सर्व कारखान्यांत तयार झालेली उत्पादने होती. तेथे जे घडू शकते ते न्हाणीघराच्या फळीवर घडणार नाही, असे मानण्यास आधार नाही.

‘नैसर्गिक’ परिरक्षकांचा पर्याय अनेकांना मोहक वाटतो. त्यात द्राक्षफळाच्या, म्हणजे ग्रेपफ्रूटच्या, बियांचा अर्क विशेष प्रसिद्धी पावलेला आहे. जर्मनीत १९९९ साली बाजारातील अशा सहा अर्कांची तपासणी प्रसिद्ध झाली. सहांपैकी पाच अर्कांत बेंझेथोनियम क्लोराइड हे कृत्रिम जंतुनाशक सापडले. काहींत ट्रायक्लोसान आणि मिथिल पॅराबेनही होते. ज्या सहाव्या अर्कात कृत्रिम द्रव्य सापडले नाही, त्याने जंतू मारले नाहीत. आणि संशोधकांनी स्वतः काढलेल्या बियांच्या अर्कांनीही मारले नाहीत. म्हणजे जे टाळण्यासाठी हा अर्क विकत घेतला जात होता, तेच त्या बाटलीत नाव न सांगता भरलेले होते!

सुगंधी तेलांची गोष्ट थोडी वेगळी आहे. लवंग, ओवा, टी-ट्री यांच्या तेलांत जंतुनाशक गुण आहेत हे निर्विवाद. परंतु क्रीमचे रक्षण होईल इतक्या प्रमाणात ती घातली तर कातडीची आग होते, आणि कातडी सोसेल इतकीच घातली तर क्रीमचे रक्षण होत नाही. शिवाय प्रत्येक खेपेच्या तेलाचे घटक सारखे नसतात. मध स्वतः टिकतो तो त्यात मोकळे पाणी फार थोडे असते म्हणून. क्रीममध्ये चमचाभर मध घातला की तो जंतूंचे अन्न होतो. हळद व कडुनिंब यांच्याविषयी आम्हांस आदर आहे, परंतु घरगुती प्रमाणात ती क्रीमला राखतील असा भरवसा देता येत नाही. फ्रिजमध्ये ठेवल्याने वाढ मंदावते, थांबत नाही. थंडीत वाढणारे जंतूही आहेत.

एवढे सांगितल्यावर वाचक म्हणतील, ‘मग पॅराबेन वापरावयाचे की काय?’ या एका शब्दाने गेल्या वीस वर्षांत जेवढे भय निर्माण केले, तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या रसायनाच्या नावाने केले असेल. त्याचा इतिहास थोडा सविस्तर सांगणे भाग आहे, कारण परिरक्षकाची निवड भयाने केली असता काय होते याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही.

पॅराबेन हे पॅराहायड्रॉक्सिबेंझोइक आम्लाचे एस्टर होत. १९२० च्या दशकापासून ते औषधांत, खाद्यपदार्थांत व प्रसाधनांत वापरले जात आहेत. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाच्या फिलिपा डार्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली स्तनांतील २० अर्बुदांच्या नमुन्यांत पॅराबेन आढळल्याचे प्रसिद्ध केले. त्या अभ्यासात निरोगी ऊतकांशी तुलना नव्हती, आणि पॅराबेनमुळे कर्करोग होतो असे त्यातून सिद्ध होत नव्हते. परंतु वृत्तपत्रांनी व जाहिरातदारांनी मधली पायरी गाळली. पॅराबेनमध्ये स्त्री-संप्रेरकासारखा किंचित गुण आहे हे त्यापूर्वीच ठाऊक होते. यीस्टवर केलेल्या १९९८ सालच्या चाचणीत, तपासलेल्या पॅराबेनांतील सर्वांत प्रभावी असे ब्यूटिल पॅराबेनसुद्धा शरीरातील एस्ट्रॅडिओलच्या मानाने दहा हजार पटींनी दुबळे आढळले होते. मिथिल पॅराबेन त्याहूनही दुबळे असते. युरोपीय संघाने या प्रश्नाचा पुनर्विचार करून २०१४ साली आयसोप्रोपिल, आयसोब्यूटिल इत्यादी पाच पॅराबेनांवर बंदी घातली आणि प्रोपिल व ब्यूटिल यांची मर्यादा खाली आणली. मिथिल व इथिल यांची प्रत्येकी शेकडा ०·४ ही मर्यादा मात्र तशीच राहू दिली. आमच्या मते हा निर्णय समतोल होता. संशय घेण्यास जेथे जागा होती तेथे कात्री लावली. जेथे नव्हती तेथे लावली नाही.

दरम्यान कारखानदारांना ‘पॅराबेनरहित’ असे लेबल हवे होते. त्यांनी पर्याय शोधला तो मिथिलआयसोथायाझोलिनोन या द्रव्याचा. युरोपात २००५ साली ते प्रसाधनांत स्वतंत्रपणे, दहा लाख भागांत १०० भाग या प्रमाणापर्यंत, वापरण्यास मान्यता मिळाली. काही वर्षांतच त्वचारोगतज्ज्ञांकडे चेहऱ्यावर, पापण्यांवर व हातांवर पुरळ उठलेल्या रुग्णांची रीघ लागली. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साली या द्रव्याला ‘वर्षातील ॲलर्जीकारक’ म्हणून घोषित केले. युरोपात अंगावर राहू द्यावयाच्या प्रसाधनांत ते वापरण्यास २०१७ पासून बंदी झाली. त्याच अमेरिकन संस्थेने २०१९ साली पॅराबेनांना ‘ॲलर्जी न करणारे’ म्हणून गौरविले. ज्यांची त्वचा एकदा मिथिलआयसोथायाझोलिनोनला संवेदनशील झाली, त्यांना मात्र या गौरवाचा उपयोग नाही. अशी संवेदनशीलता बहुधा जन्मभर राहते. एका दुर्बल संशयापोटी जुने, परिचित द्रव्य टाकून नवे, अपरिचित द्रव्य घेतले गेले, आणि त्याची किंमत ज्यांनी लेबल वाचून विश्वास ठेवला त्यांनी दिली.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. पहिला प्रश्न क्रीमचा सामू, म्हणजे ज्याला पी.एच. म्हणतात ते आम्लतेचे मान, किती आहे हा होय. सोडियम बेंझोएट हे सरबतातून परिचित असलेले परिरक्षक स्वस्त आहे, सहज मिळते, आणि म्हणूनच घरगुती कृतींत त्याचा सर्वांत अधिक दुरुपयोग होतो. जंतूंच्या पेशीत शिरून काम करतो तो बेंझोइक आम्लाचा अविघटित रेणू. त्याचे प्रमाण सामूवर अवलंबून असते. सामू ४·२ असताना निम्मे बेंझोइक आम्ल या कार्यक्षम स्वरूपात असते. सामू ५·२ झाला की शेकडा ९, आणि ६·२ झाला की शेकडा १ एवढेच उरते. सामू ७ ला गेला तर हजारात दोन भागही उरत नाहीत. लिंबाच्या सरबतात जे उत्तम काम देते ते साबणाच्या पाण्यात किंवा खाण्याचा सोडा घातलेल्या लेपात शून्यवत ठरते. सॉर्बिक आम्लाची व पोटॅशियम सॉर्बेटची गोष्टही हीच; त्याची मर्यादा थोडी वरची, एवढेच. ही दोन्ही बुरशी व यीस्ट यांच्यावर चांगली चालतात, स्यूडोमोनाससारख्या जंतूंवर कमी. ज्यांना हीच वापरावयाची असतील त्यांनी सामू ५ च्या खाली ठेवावा, आणि तो पट्टीने मोजावा. लिंबाचे चार थेंब पिळून अंदाज बांधू नये.

फिनॉक्सिइथेनॉल हे याच्या उलट स्वभावाचे. सामूच्या विस्तृत पल्ल्यात ते काम देते, जंतूंवर अधिक व बुरशीवर कमी परिणाम करते. युरोपात त्याची कमाल मर्यादा शेकडा १ आहे. मिथिल पॅराबेन बुरशीवर प्रभावी असून जंतूंवर त्या मानाने कमी. म्हणजे एकाची उणीव दुसरा भरून काढतो. सामू मोजण्याची दगदग ज्यांना नको आणि ज्यांचे क्रीम साधे तेल-पाण्याचे आहे, त्यांनी शेकडा ०·८ ते १ फिनॉक्सिइथेनॉल व शेकडा ०·२ मिथिल पॅराबेन ही जोडी घ्यावी, असा आमचा सल्ला आहे. पॅराबेनचे नावच ज्यांना सोसवत नाही, त्यांच्यासाठी फिनॉक्सिइथेनॉल आणि इथिलहेक्झिलग्लिसरीन यांचे तयार मिश्रण मिळते. ते पुरवठादाराने दिलेल्या प्रमाणातच घ्यावे. डायसोडियम ई.डी.टी.ए. शेकडा ०·१ घातल्यास या सर्वांचे बळ वाढते, कारण स्यूडोमोनासच्या बाहेरच्या आवरणाला घट्ट ठेवणारे कॅल्शियम व मॅग्नेशियम ते ओढून घेते. फॉर्मल्डिहाइड सोडणारी परिरक्षके आणि वर वर्णिलेले मिथिलआयसोथायाझोलिनोन यांना घरात जागा देऊ नये. मिथिलआयसोथायाझोलिनोन तर इतक्या थोड्या प्रमाणात वापरावे लागते की स्वयंपाकघरातील मोजमापाला ते झेपणारे नाही.

मोजमापाविषयी आमचा आग्रह वाचकांना कदाचित जाचक वाटेल. परंतु ‘१० थेंब’ हे प्रमाणच नव्हे; ड्रॉपर बदलला की थेंब बदलतो. शंभर ग्रॅम क्रीमला शेकडा ०·२ म्हणजे ०·२ ग्रॅम मिथिल पॅराबेन. ते मोजण्यास ०·०१ ग्रॅम दाखविणारा काटा हवा. असा छोटा काटा आता सामान्य कुटुंबाला परवडण्यासारखा आहे. ज्यांना तो घ्यावयाचा नाही त्यांनी परिरक्षके हाताळू नयेत आणि म्हणून पाणीदार क्रीमही करू नये. तेल-मेणाचे मलम करावे, तेही उत्तम असते. मिथिल पॅराबेन थंड पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून ते पाण्याच्या भागात गरम असतानाच विरघळवून घ्यावे. फिनॉक्सिइथेनॉल क्रीम कोमट झाल्यावर घालावे. ते शुद्ध स्वरूपात डोळ्यांना झोंबते, तेव्हा चष्मा व हातमोजे वापरावेत.

प्रमाण बरोबर असूनही परिरक्षक निकामी होऊ शकते, आणि ही गोष्ट घरगुती कृतींच्या पुस्तकांत क्वचितच आढळते. जंतू वाढतात ते क्रीममधील पाण्यात. पॅराबेन मात्र तेलात अधिक विरघळतात. तेल फार असेल तर परिरक्षक तेलात जाऊन बसते आणि पाणी उघडे पडते. पॉलिसॉर्बेटसारखी पायसीकारक द्रव्ये पॅराबेनला आपल्यात अडकवून ठेवतात. कृती बदलली की परिरक्षकाचा हिशेब बदलतो तो असा. यासाठीच आम्ही म्हणतो की क्रीममध्ये कोरफडीचा गर, काकडीचा रस, दूध, तांदळाचे पाणी असे काही घालूच नये. डिस्टिल्ड पाणी घ्यावे. परिरक्षक हे डबीत चुकून शिरलेल्या थोड्या जंतूंना आवरण्यासाठी असते, पातेल्यातच भरून आणलेल्या लाखोंना मारण्यासाठी नव्हे. कोरफड हवीच असेल तर ताजे पान कापून गर थेट अंगाला लावावा आणि उरलेले पान टाकून द्यावे. रुंद तोंडाच्या डबीपेक्षा पंपाची बाटली बरी. तीही एका वेळी महिनाभर पुरेल एवढीच भरावी. नवे क्रीम प्रथम आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूस लावून पाहावे. तान्ह्या मुलांसाठी व डोळ्यांच्या आसपास लावण्यासाठी घरी पाणीदार प्रसाधन करू नये, एवढे सांगून हा भाग पुरा करतो.

राहिला प्रश्न विक्रीचा, आणि तो आज सर्वांत निकडीचा आहे. घरासाठी केलेले क्रीम शेजारणीला आवडते, मग बचत गट ते करू लागतो, मग प्रदर्शनात त्याचा गाळा लागतो. ‘परिरक्षकविरहित’ ही पाटी तेथे मोठ्या अक्षरांत असते, आणि विकत घेणारीला ते क्रीम केव्हा केले, कोणत्या पाण्यात केले, हे ठाऊक नसते. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम यांनुसार विक्रीसाठी प्रसाधने तयार करण्यास राज्याच्या अनुज्ञापन अधिकाऱ्याचा परवाना लागतो. या कायद्याचा बडगा दाखवून बायकांचा उद्योग बंद पाडावा, असे आम्हांस मुळीच सुचवावयाचे नाही. परंतु परिरक्षक टिकते की नाही हे ठरविण्याची जी प्रमाणभूत परीक्षा आहे, ती एखाद्या गटाने स्वखर्चाने करावी अशी अपेक्षाही वास्तव नाही. त्या परीक्षेत क्रीममध्ये स्टॅफिलोकोकस, स्यूडोमोनास, ई. कोलाय, कँडिडा आणि ॲस्परजिलस हे पाच सूक्ष्मजीव मोजून सोडतात आणि २८ दिवसांपर्यंत ठराविक दिवशी त्यांतील किती जिवंत उरले ते पाहतात. यास प्रयोगशाळा लागते, शिकलेला माणूस लागतो आणि पैसा लागतो.

फळांच्या बाबतीत आपण हा प्रश्न पूर्वीच सोडविला आहे. गृहविज्ञानाच्या वर्गांतून आणि कृषी विज्ञान केंद्रांतून सरबते व स्क्वॅश शिकविताना किती किलो रसाला किती ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट किंवा सोडियम बेंझोएट घालावयाचे, ते पाठ करून घेतले जाते. तेथे कोणी ‘रसायन नको’ असे म्हणत वर्ग सोडून जात नाही. तेच प्रसाधनांच्या बाबतीत व्हावयास हवे. गृहविज्ञान महाविद्यालये, औषधनिर्माणशास्त्राच्या संस्था आणि सरकारी प्रयोगशाळा यांनी मिळून चार-पाचच साध्या कृती निश्चित कराव्यात : एक हलके क्रीम, एक जाडसर क्रीम, एक लोशन, एक पायांच्या भेगांचे मलम. त्यांची २८ दिवसांची परीक्षा सरकारी खर्चाने करावी. परीक्षेत उतरलेली कृती तेलाच्या जातीसह, पायसीकारकाच्या नावासह, सामूच्या आकड्यासह आणि परिरक्षकाच्या ग्रॅमसह सर्व भारतीय भाषांत छापून फुकट वाटावी. कृतीखाली ठळक अक्षरांत एवढी सूचना असावी की यातील एकही जिन्नस बदलल्यास ही परीक्षा लागू नाही.